इसबाचे हात आणि मांडीवरची पोर

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, वीज कडाडली की उखळामागे जाऊन बसते, आणि दवाखान्याचा वास नाकात गेला की माझे पाय आपोआप मागे वळतात. धीराच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर दुसरं घर बघा. माझ्यापाशी आहे तो इसब. तो कित्येक वर्षं माझ्या हातांवर बिऱ्हाड करून आहे आणि हलायचं नाव घेत नाही.

अलीकडे पासलीच्या आसपासच्या वाड्यांवरून बाया येतात. दार पुढे करतात, पदराखालून हात बाहेर काढतात आणि हळूच विचारतात, "यसवदाबाई, ह्ये त्येच हाय का वं?" 'त्येच' म्हणजे काय, ते कुणीही तोंडाने बोलत नाही. मीसुद्धा बोलत नव्हते. सगळ्यांना तेच ते सांगून जीभ दमली, म्हणून लिहायला बसले. माझे वडील आंबवड्याला शाळेत शिकवायचे. त्यांनी कान पिरगाळून मला अक्षरं शिकवली, त्यांचा एवढा तरी उपयोग व्हावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना कुणीतरी वाचून दाखवा.

बिब्बा

माझी पोर सोना अंगावर पीत होती त्या पावसाळ्यातली गोष्ट. आवणी चालू होती. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरातल्या चिखलात पुन्हा लावायची. दिवसभर कमरेत वाकायचं, हात मनगटापर्यंत गाळात. तसे ते सगळ्यांचेच असतात, आणि सगळ्यांच्याच बोटांना चिखल्या होतात. माझ्या मात्र बेचक्यांत बारीक पुटकुळ्या उठल्या. खाजवलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की दुप्पट खाज सुटायची. मग त्या फुटल्या, पाणी यायला लागलं, मनगटापर्यंत कातडी लाल झाली. चुलीपाशी बसलं की हात पेटल्यासारखे व्हायचे.

आमच्या डोंगरात कातडीच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध. टाचेला भेग पडली, लाव बिब्बा. काटा मोडला, लाव बिब्बा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडाने फटकळ पण हाताने मऊ. त्यांनी बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं तसं एकेका फोडावर टेकवलं, आणि वर फुंकरही घातली.

"जरा चुरचुरंल. दात खाऊन ऱ्हा. उद्या बग, सुकून जाईल."

उद्या सुकलं नाही. परवा हात कोपरापर्यंत सुजले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठले तर डोळे उघडेनात. तोंड सुजलं होतं, कानाच्या पाळ्या जाड झाल्या होत्या. बिब्बा उतला होता, म्हणजे त्याचं तेल अंगात भिनलं होतं, दुसरं काही नाही. एरवी बिब्बा उतला की आमच्याकडे कुणी घाबरत नाही, खोबरं चावून लावतात आणि चार दिवसांत माणूस कामाला लागतो. पण माझ्या कातडीत आधीच इसब होता, आणि हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. चार दिवस गेले, आठ गेले. हातांवरून पाणी ओघळायचं थांबेना आणि कान काही पूर्वीसारखे होईनात.

माझे चुलतसासरे, ज्यांना सगळी भावकी तात्या म्हणते, ते एकदा ओसरीवर येऊन लांबूनच बघून गेले. जाताना आत्याबाईंना म्हणाले, "वैनी, कान जाड झालं की काय समजायचं, ते तुमाला सांगाया नको."

त्या दिवशी माझं ताट आत्याबाईंनी वेगळं ठेवलं, आणि ते ठेवताना त्या रडत होत्या. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, बहुतेक न रडता.

तात्या काय म्हणाले ते मला कळलं होतं. आमच्याच खोऱ्यात एका माणसाला गावाबाहेर खोपटं घालून दिलेलं मी पाहिलं होतं. त्याची बायको भाकरी दगडावर ठेवून मागे सरायची. मी सोनाकडे पाहिलं आणि तिला उचलायला हात पुढे केले, तर माझेच हात मागे आले. पोर रडत होती, दूध झरत होतं, आणि मी तिला शिवत नव्हते.

तपासणी

माझ्या घरधन्यांनी कुणाला न विचारता भोरला न्यायचं ठरवलं. माणूस मुखदुर्बळ, पण एकदा मनात घेतलं की बैलही त्यांच्यापुढे शहाणा वाटावा. सोना जाऊबाईंकडे राहिली, त्यांच्या अंगावर त्यांचा मुलगा होता. आम्ही खिंड उतरलो, भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेने चाललो, मधे एका गाडीवानाने बसवून घेतलं. माझं तोंड पाहिल्यावर त्याने मला मागच्या बाजूला, पाय बाहेर सोडून बसायला सांगितलं.

दवाखान्याच्या पडवीत माझ्या पुढे एक म्हातारा होता. त्याने घोंगडीतून हात बाहेर काढला तेव्हा त्याला बोटं नव्हती. तो माझ्याकडे बघून हसला, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. मी उठून चालायलाच लागले. घरधन्यांनी दंड धरून बसवलं.

"अहो, आपुन परत जाऊ."

"न्हाई."

"मला न्हाई ऐकायचं त्ये काय सांगत्याल त्ये."

"मग कान झाक. म्या ऐकतो."

डॉक्टर उतारवयाचे होते, चिडके, सारखी तपकीर ओढायचे. मला वाटलं होतं लांबूनच बघतील. त्यांनी माझा पाझरणारा हात सरळ आपल्या हातात घेतला. इतक्या दिवसांत कुणी माझा हात हातात घेतला नव्हता, मला तिथेच हुंदका फुटला.

"खाजतं का?" त्यांनी विचारलं.

"लई."

"किती?"

"कातडी सोलून टाकावी वाटती."

"छान," ते म्हणाले. मला वाटलं, याला वेड लागलंय. मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले, आणि हातावर कुठे कापसाची वात फिरवली, कुठे टाचणी टोचली. "कुठं लागलं?" मी सांगत गेले. मनगट. करंगळी. अंगठ्यापाशी. कानाची पाळी. सगळं कळत होतं.

"डोळे उघड. ज्याला तू भितेस तो महारोग मुका असतो, पोरी. त्याच्या चट्ट्याला सहसा खाज नसते आणि टोचलेलं कळत नाही. तुझा चट्टा नुसती बोंब मारतोय. हा इसब आहे. आणि त्यावर बिब्बा लावणारा शहाणा कोण?"

घरधनी खाली बघत होते. मी हसत होते की रडत होते कोण जाणे, सुजलेल्या तोंडावर कुणाला कळलंही नसतं. मी विचारलं, "मग म्या बरी कदी व्हईन?"

डॉक्टरांनी तपकिरीची डबी बंद केली. "हे आत्ताचं बरं होईल. पण इसब जाणार नाही. येईल, जाईल, पुन्हा येईल. जन्मभर. त्याला सांभाळायला शिकावं लागेल."

एका भीतीतून सुटले तोवर दुसरी दारात उभी. जन्मभर हा शब्द मी तोवर फक्त लग्नात ऐकला होता.

जांभळं पाणी

मला ठेवून घेतलं. सकाळी नर्सबाई घमेल्यात जांभळं पाणी आणायच्या, त्यात हात बुडवून बसायचं. त्याने नखं तपकिरी होतात, घाबरू नका. मग उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या, मग पांढरं मलम, मग कोरडी फडकी. दुपारी पुन्हा तेच. दोन्ही हात बांधलेले, त्यामुळे नाकावर माशी बसली तरी दुसऱ्याला हाक मारायची. खाज सुटली की बांधलेले हात पलंगाच्या दांडीवर घासायची इच्छा व्हायची. नर्सबाई सांगायच्या, "खाजवू नका, थापटा." मी थापटायचे आणि शिव्या द्यायचे, मनातल्या मनात.

दूध आटू नये म्हणून त्या ते काढायला लावायच्या. ते मोरीत ओतलं जायचं. तेवढा वेळ मी भिंतीकडे तोंड करून बसायचे.

वडील आंबवड्याहून येऊन जायचे. ते माझ्या पलंगापासून जरा अंतरावर उभे राहायचे, शाळेत उभे राहायचे तसे. डॉक्टरांनी समजावल्यावरही ते अंतर तेवढंच राहिलं. इतके शिकलेले वडील, पण भीतीला शाळा माहीत नसते. एकदा मात्र जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच बाहेर गेले. बाहेर नळावर हात धुतल्याचा आवाज मला ऐकू आला. तो आवाज मला बरेच दिवस आठवत राहिला.

शेजारच्या पलंगावर भागूबाई होती, वरच्या पठारावरची धनगरीण. तिच्या दोन्ही पिंढऱ्यांवर इसब, तोही जुना, कातडी हत्तीसारखी जाड झालेली. ती इथे पूर्वीही राहून गेली होती.

"बरं वाटलं न्हवं का मग?" मी विचारलं.

"वाटलं की. म्हनून तर औषध सोडलं. चांगली झाले, काय करायचंय मलम, म्हनलं. मग घोंगडी पांघरून मेंढरांत निजले." ती खो खो हसली. "लोकरीनं वाढतंय, ह्ये म्हाइत आसून. आता धनगरानं लोकर सोडायची म्हंजी माशानं पानी सोडायचं. पर डाक्टर म्हनलं, सोडू नगो, आतनं लुगड्याचं जुनेर लाव. दोनदा आपटले तवा डोस्क्यात शिरलं."

या दवाखान्याची एक रीत होती. डॉक्टर कुणाही इसबाच्या रोग्याला तसं घरी सोडत नसत. जाणाऱ्याने नव्याने आलेल्याला पडवीत बसवून सगळं शिकवायचं, आणि डॉक्टर मागे उभे राहून ऐकायचे. चुकलं की मुक्काम वाढला. मला भागूबाईने शिकवलं. ती अडखळली की डॉक्टर मागून खाकरायचे आणि ती जीभ चावायची.

ती जे म्हणाली ते माझ्या शब्दांत सांगते. कातडी कोरडी पडली की इसब जागा होतो, म्हणून हात धुतले रे धुतले की ओलसर असतानाच खोबरेल चोळायचं, दुखत नसलं तरी, चट्टा दिसत नसला तरी, रोज. भांडी राखेने घासायची नाहीत, ते काम दुसऱ्या कुणाला द्यावं आणि बदल्यात दळण घ्यावं. सोड्याचा साबण नको, अंगाला डाळीचं पीठ बास. नखं बारीक. लोकर अंगाला लागू द्यायची नाही. चट्टा लाल झाला की त्याच दिवशी मलम सुरू, पाणी सुटायची वाट बघायची नाही, आणि चट्टा गेला तरी थोडे दिवस चालू ठेवायचं. पिवळा पू आला, ताप आला, तर मात्र घरी बसायचं नाही, उठून दवाखान्यात यायचं. बिब्बा, चुना, मोरचूद, कुणाचंही काहीही लावायचं नाही, मग ती सासू असो की साक्षात भगत. आणि हा रोग शिवल्याने लागत नाही, हे स्वतःला रोज सांगायचं, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं.

मी घरी आले तेव्हा सोनाने मला ओळखलं नाही. जाऊबाईंच्या खांद्यावर तोंड लपवलं. मग वासाने की काय, एकदम झेपावली.

पोरीचा गुडघा

दिवाळी, राब म्हणजे रोपांची जमीन भाजायचे दिवस, उन्हाळा, सगळं नीट गेलं. चट्टे यायचे, मी तेल-मलम करायचे, ते मागे हटायचे. आत्याबाईंनी पुन्हा माझ्या हातची भाकरी खाल्ली. पहिल्या दिवशी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, पण खाल्ली.

मग पुन्हा आवणी आली. आमच्याकडे आवणी एकट्याने होत नाही. आज तुमच्या खाचरात सगळा गाव, उद्या त्यांच्या खाचरात आपण, आणि ज्याचं काम त्याच्या घरी सगळ्यांचं जेवण. याला इर्जिक म्हणतात. ज्या घरची बाई येत नाही, त्या घरचं भात बांधावरच राहतं. चिखलात उतरू नये एवढं मला कळत होतं. मी तेल चोपडून रोपांच्या मुठी वाहायचं काम मागून घेतलं. पण पाऊस वरूनही पडत होता आणि मुठींतूनही गळत होता. आठवड्यात हात पुन्हा पाझरायला लागले.

आमच्या खाचराची पाळी आली तेव्हा भाकऱ्या मी थापल्या. पंगत बसली. कुणीतरी काहीतरी कुजबुजलं. एकेक बाई उठली, म्हणाली पोट भरलंय, आणि बाहेर जाऊन फडक्यातला स्वतःचा तुकडा खाऊ लागली. भाकऱ्यांची चवड तशीच राहिली. घरधनी त्या पंगतीत एकटेच जेवत राहिले, मान खाली घालून, एकामागून एक भाकरी. दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

त्याच सुमाराला सोनाच्या गुडघ्यामागच्या लवणीत मला लाल चट्टा दिसला. दुसरा कोपराच्या आत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, इसब शिवून लागत नाही, पण रक्तातून पोरांत उतरू शकतो, आईचे डोळे उतरतात तसा. मला ते पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि पोरीच्या पायावर बघणं वेगळं. मनात एकच किडा. डॉक्टर चुकले असतील तर? मला त्या वेळी खाज होती, कळत होतं. आता? खाजवून खाजवून माझ्या मनगटाची कातडी जाड झाली होती, तिथे बोट लावलं की कमी कळल्यासारखं वाटायचं. मी टोचून बघायला काटाही आणला होता, पण तो टोचला नाही. मला खरं काय ते कळायला नको होतं. पोरीला तपासायचा तर विचारही मी मनात येऊ दिला नाही. ती खाजवते का, हेसुद्धा मी बघत नव्हते. तिने हात तिकडे नेला की मी तोंड फिरवायचे.

चट्टा जाऊबाईंनी पाहिला, आणि पाहिला म्हणजे गावाने पाहिला.

तात्यांची ओसरी

भावकी बसली. आमच्याच नात्यातली चार मोठी माणसं, तात्या मधे. तात्या वाईट माणूस नव्हेत. माझ्या लग्नात त्यांनी स्वतः हौसेने मांडव घातला होता. पण घाबरलेला माणूस चांगला असला म्हणून काय झालं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुमाला कुनी हाकलत न्हाई. माहेरी जावा. पोर हितं ऱ्हाईल, अजून जास्त लागाया नको तिला. बऱ्या झाला की या, दार उगडंच हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. किती समजूतदारपणाचं बोलणं! आणि मीच, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, घरादाराला सांगून बसले होते की हा रोग कधी पूर्ण बरा होत नाही. म्हणजे दार उघडंच राहणार होतं आणि मी कधीच आत येणार नव्हते. वडिलांच्या घरी मी दिसत होते मला, नळावर हात धुतल्याचा आवाज ऐकत बसलेली.

घरधनी म्हणाले, "तात्या, डाक्टर म्हनला ह्यो त्यो रोग न्हवं."

"डाक्टर आसंच म्हंत्यात. समाधान करत्यात. मग पोरीला कसं झालं?"

सोना तीन दिवस जाऊबाईंकडेच होती, मला फक्त तिचं रडणं ऐकू यायचं. आत्ताही ती आत्याबाईंच्या मांडीवर होती आणि माझ्याकडे हात करत होती. माझं गाठोडं दारात बांधून ठेवलेलं.

मी भित्री बाई आहे. पण पोर हात करत असली की भित्र्या बाईलाही दोन्हीकडची भीती तोलावी लागते. मी म्हणाले, "आत्याबाई, एक काटा आना. बाभळीचा लांब. मला शिवायची गरज न्हाई. म्या डोळं बांधते, तुमी चट्ट्यावर टोचा. मुका रोग आसंल तर मला कळनार न्हाई. मग म्या माझी माझी जाईन, माहेरीबी न्हाई जायची."

पदर डोळ्यांवर घट्ट बांधला. काटा घेऊन कुणीतरी माझ्यापुढे बसलं. आत्याबाईंचा श्वास मला ऐकू येत होता.

"करंगळी," मी म्हणाले. "तळहात. अंगठ्याचं मूळ. कोपर."

मग काही नाही. मी वाट बघत राहिले. नुसता पावसाचा आवाज. कुणीतरी चुकचुकलं, आणि मला समजलं की काटा टोचलेला आहे आणि मला कळत नाहीये. त्या क्षणाला माझं काय झालं ते मी लिहू शकत नाही. देवाचं नावसुद्धा आठवेना. मग कुठूनतरी खोलातून, उशिराने, बारीक कळ आली.

"मनगट! डावं मनगट! हितली कातडी जाड झालीया, म्हनून उशीर."

पदर सोडला तेव्हा मनगटावर रक्ताचा थेंब होता.

तात्यांनी दाढी खाजवली. "तुमचं मानलं. पर पोरीचं काय? तिला काय सांगता येतंय?"

हाच प्रश्न मी इतके दिवस स्वतःला विचारू देत नव्हते. मला ओरडून सांगायचं होतं, नको, तिला राहू दे, मी जाते, पण तिला तपासू नका.

आत्याबाईंनी काटा बाहेर अंगणात फेकला. "माज्या नातीला काटा लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. कोपऱ्यात कोंबडीचं पीस पडलं होतं ते उचललं, सोनाला पालथी घेतली आणि गुडघ्यामागच्या त्या लाल चट्ट्यावर पिसाचं टोक फिरवलं.

सोना काही करेना. ती तात्यांच्या पागोट्याकडे बघत होती.

आत्याबाईंनी पुन्हा फिरवलं, अगदी हलकं. सोनाने पाय आखडला. पुन्हा फिरवलं. आणि पोर खिदळली. मान मागे टाकून, दुधाचे दात दाखवत, पाय झाडत खिदळली. आत्याबाईंनी कोपराच्या चट्ट्यावर पीस नेलं, तशी ती आणखी खिदळली आणि पीस धरायला झेपावली.

तात्या पुढे सरकले. "आन हिकडं." त्यांनी पीस घेतलं आणि स्वतः फिरवून बघितलं. एकदा, मग परत एकदा. सोनाने त्यांचंच बोट पकडलं आणि तोंडात घातलं. तात्यांनी ते काढून घेतलं नाही.

बाकीच्यांकडे न बघताच ते माझ्या घरधन्यांना म्हणाले, "त्ये गाठुडं सोड की. बगत काय ऱ्हायलास?"

माझी चोळी भिजली होती. पोर हसली तेव्हाच पान्हा सुटला असावा, मला आत्ता कळत होतं. आत्याबाई उठल्या, सोनाला माझ्या मांडीवर टाकलं आणि माझ्या पाझरणाऱ्या हातांवर स्वतःचे हात दाबून तिला धरायला लावलं.

"घे. भुकेली हाय."

ती प्यायला लागली. मी तिच्या गुडघ्यामागे बोट नेलं. कातडी खरबरीत होती, कोरडी होती, आणि जन्मभर तशी होत राहणार होती. पहिल्यांदाच मी तोंड न फिरवता तिथे बघितलं. मग आत्याबाईंना म्हणाले, "तेवढी तेलाची वाटी द्या."